मांडीखालचा हात

मला राग आधी येतो आणि त्याचं कारण मागाहून सापडतं. घरात म्हणतात, हिचा राग नाकावरच बसलेला असतो. म्हणोत बापडे. पण बी.एस्सी.ला वेक्टर कॅल्क्युलसच्या पेपरात मी दोनदा नापास झाले, त्या रागाचं कारण सापडायला तिसऱ्या परीक्षेचा उन्हाळा उजाडावा लागला. कारण कळलं की राग उतरतो असं म्हणतात, ते साफ खोटं आहे. माझा चढला.

त्या विषयात शेवटच्या युनिटला एक प्रमेय आहे. कुणा गोऱ्या साहेबाच्या नावाचं आहे, नाव जाऊ द्या. समजा, तुम्ही एक वाटी पालथी घातली. तिच्या काठावरून एक फेरी मारून केलेला हिशेब आणि तिच्या पाठीवरून केलेला हिशेब, दोन्हींचं उत्तर एकच येतं, असं ते प्रमेय सांगतं. परीक्षेत हमखास विचारतात की अमुक पृष्ठभाग घेऊन ह्या प्रमेयाचा ताळा करून दाखवा. म्हणजे काठाचं गणित वेगळं करायचं, पाठीचं वेगळं करायचं, आणि शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी मांडून ताळा पडला असं लिहायचं. गणित लांबलचक असतं, पण रस्ता मळलेला असतो.

माझा ताळा पडत नसे. काठावरून उत्तर यायचं पाय, तोच तो वर्तुळातला, आणि पाठीवरून यायचं उणे पाय. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. मी पुन्हा करायची, पुन्हा तेच. एखाद्या गणितात कधीतरी चुकावं हे समजू शकतं. पण दरवेळी नेमकं तेवढंच आणि नेमकं तिथंच चुकावं, याची मला चीड यायची.

वर्गात इतरांचंही कधीमधी असं व्हायचं, पण त्याचं कुणाला सुतक नव्हतं. ते आपले वर कुठल्यातरी ओळीत जाऊन एक उणं खोडायचे किंवा घुसडायचे, आणि खाली झोकात 'ताळा पडला' लिहायचे. आमच्याकडे याला जुळवणं म्हणतात. आमचे सर तासिका तत्त्वावरचे होते, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवायला मोटारसायकलवर पळायचे. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठून माझं गणित दाखवलं. त्यांनी किक मारता मारता पाहिलं आणि म्हणाले की दोन्हीकडं उत्तर सारखं येणार हे प्रश्नातच सांगितलंय, मग जुळवून टाकायचं, त्यात एवढं काय. मी म्हटलं, सर, पण चुकलं कुठं? ते म्हणाले, तपासणारा एवढं बघत नाही. आणि गेले.

माझ्या डोक्यात सणक गेली. तपासणारा बघत नाही म्हणून चालतं, तर मग शिकवता कशाला आणि शिकायचं कशाला? मी तिथंच ठरवलं की जुळवणार नाही. उणे येतंय ना, मग उणेच लिहीन.

आता कळतं की हा शहाणपणा नव्हता. पहिल्या परीक्षेत तो प्रश्न आला, पाय आणि उणे पाय आलं, आणि मी चूक शोधत बसले. तेच गणित मी पुरवणीवर परत केलं, मग दुसरी पुरवणी घेऊन परत केलं. घंटा वाजली तेव्हा मला येत असलेले प्रश्न कोरेच राहिले होते. शेवटी मी रागारागानं लिहिलं, "दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत." तपासणाऱ्याला ते उद्धटपणाचं वाटलं असणार. विषय राहिला. दुसऱ्या परीक्षेत मी तो प्रश्न मुद्दाम पहिला घेतला, म्हणजे आधीच निकाल लागेल. लागला. सगळा पेपर त्या एका उण्याच्या मागे गेला. बाकीचे सगळे विषय निघालेले आणि हा एक गळ्यात अडकलेला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याच गावात प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत. ताडकळसच्या पुढं आमचं गाव. त्यांनी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही, आणि त्याचाच जास्त धाक वाटतो. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "आता आणखी एक बार. निघाला तर एमएस्सीला जा. न्हाई निघाला तर खोली सोड आन् घरी ये."

मला नांदेडला एमएस्सी करायची होती. गणितातच करायची होती. ज्या विषयात दोनदा तोंडावर आपटले तोच विषय मला आवडत होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तेव्हा त्या उन्हाळ्यातला तो एक पेपर म्हणजे माझ्यासाठी नांदेड होतं आणि नाहीतर गाव होतं.

परभणीत वसमत रोडला आम्ही दोघींनी खोली घेतली होती. माझी मैत्रीण सोनपेठकडची. तिचं शिक्षण, तिची वह्यापुस्तकं, तिचा सगळाच कारभार टापटीप. ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती आणि एमएस्सीच्या प्रवेशाची तयारी करत होती. खोलीवर पत्रे, पत्र्यावर ऊन. कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी कुणाची यावरून आमची रोज कटकट व्हायची आणि ती रोज मीच हरायची, कारण मैत्रीण चिडत नसे. न चिडणाऱ्या माणसाशी भांडण करणं फार अवघड असतं.

एक दिवस सकाळी मी ते पालथ्या वाटीचं गणित सोडवत होते आणि ती माझ्यासमोर मेसच्या डब्यातले पोहे-शेंगदाणे चिवडत बसली होती. मी काठाचं गणित संपवलं, पाय आलं. पाठीच्या गणिताकडं वळले. इथं एक गोष्ट ठरवावी लागते. वाटीच्या पाठीवरची दिशा कोणती धरायची, वाटीच्या बाहेर जाणारी की आत जाणारी. त्यासाठी एक नियम आहे. काठावरून ज्या बाजूनं फेरी मारली, त्या बाजूनं हाताची बोटं वळवायची, आणि अंगठा जिकडं उभा राहील ती दिशा घ्यायची. मी हात पुढं केला, बोटं वळवली, अंगठा खाली गेला. मी खालची, म्हणजे वाटीच्या आतली, दिशा लिहून पुढं निघाले.

"थांब," मैत्रीण म्हणाली. "परत कर बरं ते."

मी केलं.

"तू कोणता हात करायलीस गं?"

मी हाताकडं पाहिलं. डावा होता. उजव्या हातात पेन होता.

तो नियम उजव्या हाताचा आहे. पुस्तकात तसंच लिहिलंय, चित्रही आहे, सरांनीही तसंच सांगितलं होतं, आणि मीही विचारणाऱ्याला उजवा हातच म्हणून सांगितलं असतं. डाव्या हातानं केलं की अंगठा बरोबर उलट्या बाजूला जातो. आकडा तोच राहतो, चिन्ह उलटतं. दोन परीक्षा, सगळ्या पुरवण्या, सरांशी घातलेली हुज्जत, आणि कारण हे. मैत्रिणीनं स्वतःचा पेन कानावर खोवला, उजवा हात रिकामा केला, बोटं वळवली आणि अंगठा वर करून दाखवला. "बघ, एवढंच. पेन ठेव आन् कर," ती म्हणाली.

मी पेन ठेवायला गेले आणि माझ्याकडून पेन सुटेना. हे ऐकायला विचित्र वाटेल. हात आखडला नव्हता, काही झालं नव्हतं. पण गणिताच्या मध्येच उजव्या हातातून पेन खाली ठेवायचा, या विचारानंच बोटं आणखी घट्ट झाली. जणू कुणीतरी पाठीमागून बघतंय.

कोण बघतंय ते मला लगेच कळलं. आणि तिथून राग सुरू झाला.

मी जन्माची डावखुरी. अजून दगड मारायचा झाला, केस विंचरायचे झाले, बाटलीचं झाकण उघडायचं झालं की डावा हात जातो. पण लिहिते आणि जेवते उजव्यानं, कारण पहिलीत मला आप्पांनीच शिकवलं. त्यांच्या वर्गात मी त्यांना गुरुजीच म्हणायचं अशी ताकीद होती. मी डाव्या हातात पेन्सिल धरली तेव्हा त्यांनी मारलं नाही. त्यांनी माझा डावा हात उचलला, माझ्याच मांडीखाली ठेवला आणि म्हणाले, ह्याच्यावर बसायचं. मग उजव्या हातात पेन्सिल दिली आणि दुसरा नियम सांगितला, की पाटी भरेपर्यंत ही सोडायची नाही. सोडली की डावा हात मधे येतो.

असे किती दिवस गेले मला माहीत नाही. मला फक्त ते तिरकं बसणं आठवतं. एक मांडी उचललेली, अंग एका बाजूला कललेलं, हाताला मुंग्या, आणि तळहातावर बस्करपट्टीच्या विणीचे वळ. सुट्टी झाली की मी तो हात झटकत झटकत बाहेर यायची आणि पोरं हसायची. पुढं हात आपोआप गप्प झाला. अक्षर छान वळणदार झालं. शाळा तपासायला साहेब आले की आप्पा माझी पाटी उचलून दाखवायचे.

आणि त्या दिवशी वसमत रोडच्या खोलीत मला समजलं की तो हात गप्प झाला नव्हता. उजवा हात पेनला बांधलेला, मग जे काही करायचं ते करायला डावाच मोकळा. नियम आला की तोच पुढं यायचा. त्याला एवढी वर्षं कुणी काही करूच दिलं नव्हतं, बिचारा मिळेल तिथं काम शोधत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही मिटली, पिशवी घेतली आणि स्टँडवर जाऊन गावाकडची एसटी धरली. मैत्रीण मागून म्हणत होती की अगं पेपर तोंडावर आलाय. मी ऐकलं नाही.

घरी पोचले तेव्हा आप्पा आणि आई पडवीत चिंचा फोडत बसले होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. आईनं पाणी दिलं. मी ते न पिता बोलले.

"आप्पा, माझा डावा हात मांडीखाली घ्यायला का लावलात तुमी?"

ते आधी हसले. मला वाटतं त्यांना ती लहानपणीची गंमत आठवल्यासारखं झालं. "मग काय झालं? अक्षर बघ की तुझं. अख्ख्या केंद्रातल्या शाळांत तसं अक्षर न्हाई कुणाचं."

मी त्यांना सगळं सांगितलं. वाटी, काठ, बोटं, अंगठा, उणं. पुढ्यातली चिंच उचलून तिच्याभोवती हात फिरवून दाखवला. ते वर्गातल्या पोरासारखं माझं ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले की हाताचा आणि गणिताचा काही संबंध नसतो, अभ्यास कमी पडतोय. वर समजावणीच्या सुरात सांगितलं की डाव्या हातानं लिहिलेलं, वाढलेलं, दिलेलं लोकांना चालत नाही, उद्या पोरीला सासरी नावं ठेवतात, आणि मास्तराची पोरगीच डाव्या हातानं लिहायला लागली तर गावानं त्यांच्याकडं लेकरं कशाला पाठवायची. हे सगळं मायेनंच केलेलं आहे. हा मायेचा मुद्दा निघाला की माझ्यासारखीनं रागवायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. मी तरी रागावले. मी म्हटलं, दोनदा नापास झाले ती मी झाले, तुमची माया नाही झाली.

आईनं मला डोळ्यांनी दटावलं. आप्पा चिंच फोडत राहिले.

"अजूनबी करता का तुमी हे लेकरांना?" मी विचारलं.

"असतेत दरसाल एक-दोन," ते म्हणाले. "महिन्याभरात सरळ होतेत."

सरळ. तो शब्द मला लागला. आधी मी वाकडी होते की काय? मी जेवले नाही. आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी घेतली आणि परतीच्या गाडीनं निघाले. ताडकळसला बाजार करून परतणारी माणसं चढली. गाडीत बसायला जागा नव्हती. परभणीपर्यंत मी डाव्या हातानं वरची दांडी धरून उभी होते आणि मनातल्या मनात आप्पांना बोलत होते.

चूक कळली म्हणजे चूक सुटली, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. मला आता पक्कं ठाऊक होतं की उजवा हात करायचा. तरी गणितात गुंतले की डावा वर यायचा. आला की मैत्रीण समोरून 'हं' म्हणायची. मी उजव्या मनगटाला तिची केस बांधायची रबरं घातली. नजर तिकडं जावी म्हणून अंगठ्याच्या नखाला लाल रंग लावला. नख लाल आणि वर आलेला हात डावाच. मैत्रीण म्हणाली की पेन सोडायची सवय कर, बाकी काही नको. ते मला जमेना. दरवेळी पेन खाली ठेवताना घाई व्हायची आणि मग पुढची ओळच चुकायची. मी वह्या आपटल्या. पाण्याची बादली कूलरमध्ये ओतायच्या ऐवजी अंगणात ओतली. त्यानं काही फरक पडला नाही, फक्त आम्ही त्या दिवशी उकडून निघालो.

मग एका दुपारी अचानक जमायला लागलं. एक गणित बरोबर आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येक वेळी पाय आणि पाय. मी खूश होऊन मैत्रिणीला वही दाखवली. तिनं वही पाहिलीच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"तू अशी तिरकी का बसलीस?" ती म्हणाली.

मी डाव्या हातावर बसले होते. कधी बसले ते मला कळलंही नव्हतं. डावा अडकला होता म्हणून उजवा नाइलाजानं, पेनासकट, बोटं कशीबशी वळवून दाखवत होता. म्हणजे मला पास व्हायचं तर आप्पांचंच औषध घ्यायचं, आणि तेही स्वतःच्या हातानं. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. रागाचं रडू फार अपमानाचं असतं. मैत्रिणीनं मला पाणी दिलं. थोड्या वेळानं मी पुन्हा हातावर बसले आणि अभ्यास केला. पेपर जवळ आला होता आणि मला नांदेडला जायचं होतं. तत्त्वासाठी दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा परवडणार नव्हतं.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात होतं. बाकं जुनी, पंखा डोक्यावर, पण वारा शेजारच्या बाकावर. मी सुरुवातीला बाकीचे प्रश्न सोडवले. मैत्रिणीनं शपथ घातली होती की तो प्रश्न शेवटी घ्यायचा. शेवटी तो घ्यायची वेळ आली तेव्हा मी डावा हात मांडीखाली घेतला आणि काठाच्या गणिताला लागले.

अर्ध्यात होते तेव्हा पर्यवेक्षक मॅडम येऊन उभ्या राहिल्या. "खाली काय हाय?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. परीक्षेत बसलेली पोरगी, एक हात मांडीखाली, अंग एका बाजूला कललेलं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही चिठ्ठीच दिसली असती. त्यांनी मला उभं केलं. बाक तपासला, ओढणी झटकायला लावली, पॅडखाली पाहिलं, उत्तरपत्रिकेची पानं उलटली. सगळा वर्ग लिहायचं थांबून माझ्याकडं बघत होता. काही सापडलं नाही. काही न सापडल्यानं त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"मग हात खाली कशाला ठेवलास?"

मी काय सांगणार होते? बापानं शिकवलं म्हणून? वाटीच्या पाठीवरची दिशा कळत नाही म्हणून?

"सवय हाय, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझी उत्तरपत्रिका बाकावर ठेवली. मग म्हणाल्या की दोन्ही हात बाकावर पाहिजेत, दिसले पाहिजेत, परत खाली गेला तर पेपर काढून घेईन. आणि त्या माझ्या समोरच खुर्ची टाकून बसल्या.

वेळ गेलेला होता. मी बसले. कान तापले होते. काठाचं गणित संपलं, पाय आलं. आता दिशा ठरवायची होती. उजव्या हातात पेन होता. डावा बाकावर होता, आणि मी काही ठरवायच्या आधीच त्याची बोटं वळायला लागली. मी पाहिलं. तिसऱ्यांदा. मांडीखाली घेता येत नव्हतं, वर ठेवला तर तोच पुढं येत होता. समोर मॅडम, मागे आप्पा. मला त्या क्षणी सगळ्यांचा इतका राग आला की भीतीला जागाच राहिली नाही. मी उजव्या हातातला पेन काढला आणि डाव्या हातात कोंबला. घे. धर. तुलाच पाहिजे होता ना?

डाव्या हातानं तो असा धरला की जणू कधी सोडलाच नव्हता. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचं त्यात काही अडलं नव्हतं, दोन्ही हात त्यांना दिसत होते. उजवा हात रिकामा झाला. मी सावकाश बोटं वळवली. अंगठा वर गेला, पंख्याकडं. पेन परत उजव्यात घेतला आणि पुढचं लिहिलं. पाठीवरूनही पाय आलं. दोन्ही उत्तरं शेजारी मांडून मी लिहिलं की ताळा पडला, आणि काहीही जुळवलेलं नव्हतं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला एवढंच वाटलं, की हे एवढंच होतं? पेन एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा, बास? आणि त्यासाठी मला दोनदा मान खाली घालून घरी जावं लागलं?

जुलैत निकाल लागला. पेपर निघाला, आणि चांगला निघाला. आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी फोन हातात धरूनच आईला दोनदा हाक मारली. मी गावी गेले. नांदेडला जायचं नक्की झालं. मी मनाशी म्हटलं होतं की परत तो विषय काढायचा नाही, झालं ते झालं. पण जेवताना आप्पा समाधानानं म्हणाले की पेपर तपासणारा आधी अक्षरच बघतो, अक्षरावरच मार्क पडले असतील. मी घास तसाच धरून बसले. भांडले नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत बोलावलं. लेकरांना पेढे वाट, त्यांना कळू दे शिकून काय होतं ते, म्हणाले. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. पहिलीचा वर्ग तोच, भिंतीचा रंग तेवढा नवा. बस्करपट्ट्या अंथरलेल्या, पोरं पाट्या घेऊन बसलेली. आप्पांनी सांगितलं की ही माझी मुलगी, हिचं अक्षर बघाल तर बघत राहाल. मी एकेकाच्या हातावर पेढा ठेवत पुढं चालले. पोरं हात पुढं करत होती, उजवा, सगळी उजवा.

शेवटच्या पट्टीवर एक मुलगी तिरकी बसली होती.

मला काही विचारायची गरज नव्हती. एक मांडी उचललेली, अंग कललेलं. मी तिच्यापुढं पेढा धरला. तिनं पेढ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग गुरुजींकडं. घ्यायला तिच्याकडं हातच नव्हता. उजव्या हातात पाटीवरची पेन्सिल घट्ट धरलेली, ती सोडायची नव्हती. डावा तिच्याच खाली होता. तिनं दोन्हींपैकी काहीच हलवलं नाही. तिनं थोडंसं तोंड उघडलं.

मी पुडा खाली ठेवला. तिच्यासमोर बसले आणि तिचा डावा हात मांडीखालून काढला. तळहातावर पट्टीच्या विणीचे वळ उमटले होते. मी त्यावर पेढा ठेवला.

"उजव्या हातात दे," मागून आप्पा म्हणाले. नेहमीच्याच शांत आवाजात.

"तिच्या उजव्या हातात पेन्सिल हाय, आप्पा," मी म्हटलं. "सोडू नको म्हणून तुमीच सांगितलंय तिला."

मुलगी पेढा तसाच धरून बसली होती, खात नव्हती. हात परत खाली घ्यायचा की नाही, हे ती गुरुजींच्या चेहऱ्यावर शोधत होती. मी आप्पांकडं वळून पाहिलं नाही. त्यांनी मला ऊठ म्हटलं. मी उठले नाही. त्या मुलीच्या शेजारी, तिच्याच बस्करपट्टीवर बसून राहिले, तिनं तो पेढा डाव्या हातानं खाईपर्यंत.